नांदोलो

एका पपईचा लिलाव चार वेळा झाला
त्या वर्षीच्या हंगामसणात.
जो घ्यायचा तोच परत वेदीपाशी नेऊन ठेवायचा,
पुन्हा बोली.
शेवटी माझ्याच गळ्यात पडली, साडेसातशेला,
तोवर हातोहात दाबून मऊ झालेली.

मी खजिनदार.
त्याआधी दारव्हा डेपोत एकतीस वर्षं कंडक्टर.
सुटे पैसे आणि माणसं
दोन्ही मला न बघता मोजता येतात.
वहीत पहिली ओळ तीच : पपई, साडेसातशे.
खाली दोन कोंबडे, लाल भोपळा, अंबाडीच्या जुड्या,
बोर्डेबाईंचे पायलीभर तीळ.
कुणाची तरी चेन गहाण पडली,
ते मी लिहिलं नाही.

तरुण संघातले पाच जण मलावीला निघाले :
सुवार्ता, ओबेद, तिवाडे मास्तरांचा हनोख,
आणि जुळ्या, कृपा-करुणा,
ज्यांना मी अजून उलटसुलट हाक मारतो.
मलावी कुठं ते नातवाच्या भूगोलात शोधलं.

आजवर परदेशातली पोरं आमच्याकडं यायची,
मंदिराच्या भिंतीला चुना लावून जायची.
आम्ही हार घालायचो, फोटोला उभे राहायचो,
त्यांची जीप नाक्यावरून वळली
की शिडी काढून
पुन्हा नीट चुना लावायचो.

आता आमची पाळी.
पाद्रीसाहेबांनी दोन महिने तयारी घेतली,
साक्ष कशी द्यायची, गाणी, हाताच्या खुणा,
उधळ्या पुत्राची नाटिका,
त्यात डुकराचं सोंग करुणाला. किंवा कृपाला.
निघताना ओबेदच्या खिशात
मी वरचे पाचशे कोंबले.
रस्ता कुठं संपेल सांगता येत नाही.

परत आले तेव्हा आमच्या तुरी
वीतभर वर आलेल्या.
रविवारी साक्ष.
सुवार्ता उभी राहिली. म्हणाली, नाटिका झाली.
लोक रडायच्या जागी हसले.
आमची गाणी त्यांना कळली नाहीत,
त्यांची आम्हाला.
आणि बसली.

पाद्रीसाहेब किती जण, असं काही विचारणार होते,
तेवढ्यात ओबेद उठला, मान खाली.

"आमी तूर हालवली."

"कायले?" मागच्या बाकावरून.

"तिकडं थंडी व्हती. वावरात तूर उभी,
डोक्याच्या वर. शेंगा भरेल,
अन् शेंगाइले भोकं. आपलीच अयी, हिरवी.
चिसोमो नावाची बाई, जिच्या घरी उतरलो थे,
एकटीच येचत व्हती.
मंग आमी बुडाशी पोते हातरले
अन् हालवली.
पाच दिवस, सकायी सकायी.
थे लोक तुरीले नांदोलो म्हन्तात."

कुणी हसलं नाही.
आमच्यात तुरीच्या अळीवर कुणी हसत नाही.
बायकांच्या बाजूनं शब्द पुटपुटला गेला,
नांदोलो, नांदोलो,
नव्या सुनेचं नाव
सगळ्यांनी एकदा तोंडात घोळवून बघावं तसा.
आम्हाला त्यात नांदो ऐकू आलं.
उरलेल्या लो-चं काय करायचं
कुणाला सुचलं नाही.

कृपानं हळूच सांगितलं,
चिसोमो म्हणजे माझंच नाव.
(कृपाच होती ती, मी खात्री करून घेतली.)

पाद्रीसाहेब पुढचं गीत विसरले बहुतेक.
पेटीवाल्यानं दोनदा सूर धरला, दोनदा सोडला.
बाहेर कुणाची तरी मोटरसायकल
सुरू होईना.

संध्याकाळी वही काढली.
वरच्या पाचशेचं विचारलं तर ओबेद म्हणाला,
पोते कमी पडले काका, चार इकत घेतले.
रकाना "सुवार्ताकार्य", छापील.
त्यात लिहिलं : पोती, नग चार.
अक्षर जरा वाकडं आलं, लाईट गेली होती.

त्या पपईचं बी परसात टाकलं होतं.
आता खांद्याएवढं झाड आहे,
पानं चांगली धरलीत.
नर की मादी,
ते फुलावर आल्याशिवाय
कुणाच्या बापाला कळत नाही.
मी सकाळी बादलीभर पाणी घालतो.